चांगल्या कानाची बाजू

दीड इंची स्क्रू, अडुसष्ट. सतरा बाकं, बाकाला चार.

*

नववी ‘ब’च्या सूचनापेटीत सापडलेली चिठ्ठी, पेन्सिलीनं, सही नाही: ‘टीचर, बाकं अशी लावल्यापासून मला इतिहासाच्या तासाला झोप काढता येत नाही. कृपया विचार व्हावा.’

*

फळ्यावरचा क्रूस फळ्याच्या मधोमध नाही. वीतभर खिडकीकडे सरकलेला आहे. दरवर्षी नवी मुलं हे पहिल्या दिवशी बघतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

*

तपासणीचा फॉर्म, रकाना चौथा. वर्गाची मांडणी: योग्य / सुधारणेस वाव / अयोग्य. (एकावरच खूण करावी.)

*

अकरा आठवड्यांपूर्वी वर्गात तोंड उघडणारी मुलं: सहा. आता: एकोणतीस. उरलेली पाच नुसती हसतात, पण मोठ्यानं.

*

या घरात ‘कानाशी बसणं’ याला वेगळा अर्थ आहे. आजोबांचा उजवा कान बंद. करवतीच्या गिरणीत गेला, हे घरातल्या लहानथोरांना पाठ आहे. त्यामुळे ज्याला काही मागायचंय, कुणाची चहाडी करायचीय, किंवा नुसतं लाडात यायचंय, त्यानं त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची पकडायची. जेवणाच्या टेबलाशी त्या खुर्चीसाठी रुसवेफुगवे झालेत, एक साखरपुडा ठरलाय, आणि शिसवी कपाट कुणाकडे जाणार हेही तिथंच ठरलं. त्या खुर्चीत कोण आहे एवढं बघितलं की त्या दिवशी घरात कुणाचं चाललंय ते कळतं.

डाव्या कानाशी: फादरमामा

शनिवारी सकाळी साडेनऊला शाळा रिकामी होती. फादरमामांनी मुद्दाम तोच दिवस धरला होता. शिपाई रजेवर, ऑफिसला कुलूप. फरशी पुसल्याचा फिनेलचा वास जिन्यापर्यंत होता, पण पहिल्या मजल्यावर नववी ‘ब’चं दार उघडलं की लाकडाचा वास यायचा. या मजल्यावर खाली फळ्या आहेत, त्याही आजोबांनीच बसवलेल्या.

फादरमामांनी वडिलांना शिक्षकांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून डावीकडे बसले. झगा नव्हता, अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, त्यामुळे मुख्याध्यापकांपेक्षा ते धाकट्या मुलासारखेच जास्त दिसत होते. सत्तेचाळिसाव्या वर्षीही.

“बाबा, बाकं परत रांगेत लावायची. बस. दुपारपर्यंत उरकेल.”

आजोबांनी वर्गावर नजर फिरवली. सतरा बाकं फळ्याकडे तोंड करून घोड्याच्या नालासारखी वळली होती. “स्क्रू कुणी काढले?”

“तुमच्या नातीनं. तुमच्याच पेचकसानं.”

“मग नीट काढले असतील.”

“बाबा!”

दारातून हसू आलं. नात उभी होती, हातात झाडू. अंगानं बारीक आणि बोलली की टोचणारी, म्हणून लहानपणापासून टाचणी. “आज फादर म्हणू की मामा?” तिनं विचारलं. गेटच्या आत फादर, गेटच्या बाहेर मामा, असा दोघांचा करार होता.

“आज दोन्ही. आधी फादर रागावणार, मग मामा चहा देणार.”

“मग आधी मामाला पाठवा.”

फादरमामांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. रागावायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण सोमवारी दहा वाजता तपासणीच्या सिस्टर येणार होत्या. टाचणीचं प्रोबेशनचं वर्ष महिनाअखेरीला संपत होतं. फॉर्मवर चौथ्या रकान्यात ‘अयोग्य’वर खूण पडली की मंडळ तिला कायम करणार नाही, आणि मामांना त्या बैठकीत तोंड उघडता येणार नाही. ‘मुख्याध्यापकांची भाची’ हे शब्द तिच्या नेमणुकीच्या दिवशीच त्यांच्या कानावर आले होते.

“एक दिवस, टाचणे. सोमवार सरला की मंगळवारी कशीही लाव.”

“मुलं विचारतील ना. काल गोल होता, आज का नाही? मी काय सांगू, पाहुणे येणार होते म्हणून?”

“सांग.”

“तुमच्याच मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगू?”

आजोबांनी काही ऐकलं, काही सोडलं. “जावई कुठाय?” एवढंच म्हणाले. “जड बाजूला तोच लागतो.”

डाव्या कानाशी: ताई

टाचणीला वाटलं होतं, निदान आई तरी आज गप्प राहील. पण आई थर्मास आणि पावाची पिशवी खिडकीत ठेवून थेट आजोबांच्या डावीकडे गेली. फादरमामा मोठ्या बहिणीसाठी स्टुलावरून उठले. ते अजूनही उठायचे. नववीत ती त्यांना गणिताला होती.

“बाबा, तुम्ही हिला समजवा. माझं नाही ऐकत. भिंतीपलीकडे माझा वर्ग आहे. यांचा वर्ग हसतो आणि माझं प्रमेय अर्ध्यावर लोंबकळतं.”

“हसणं वाईट का?” टाचणी.

“चाळिसातल्या पस्तीस मिनिटांना वाईट. रांगेत बसलेलं पोर माझ्याकडे बघतं. गोलात बसलेलं पोर समोरच्या पोराकडे बघतं.”

“तेच तर पाहिजे, आई.”

“मला नकोय.” आईचा आवाज जरा जास्तच करकरीत निघाला. “तेहतीस वर्षं मी रांगा लावल्यात. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते.”

“पडली होती, मलाच माहीत आहे. दोन वर्षं होते मी तुझ्या वर्गात.”

टाचणीचे वडील जिन्यावरून हत्यारांची पेटी घेऊन आले तेव्हा तिघंही हसत होती आणि तिघंही चिडलेली होती. ते शहर बसचे चालक. सासुरवाडीच्या भांडणात पडायचं नाही, हा नियम त्यांनी पंचवीस वर्षं सिग्नलसारखा पाळला होता. त्यांनी पेटी ठेवली, पँट गुडघ्याला वर ओढली आणि विचारलं, “कुठून सुरुवात करायची, फादर?”

“भिंतीकडून. जुनी भोकं तिथंच आहेत.”

बाकं जड होती. दोघं उचलत, टाचणी ओढत, आई बोटानं दाखवत. दारापासल्या तीन रांगा उभ्या राहिल्या. वर्ग एका बाजूनं शिस्तीत आणि दुसऱ्या बाजूनं वाकडा दिसू लागला, अर्धा भांग पाडलेल्या डोक्यासारखा.

टाचणी प्रत्येक बाकाशी क्षणभर थांबत होती. हे हसऱ्या पाचांतलीचं. हे चिठ्ठीवाल्याचं, अक्षरावरून तिनं ओळखलं होतं. हे त्या मुलीचं, जिनं जूनपासून एक शब्द काढला नव्हता आणि गोलात बसल्यावर नवव्या दिवशी हात वर करून म्हणाली होती, ‘टीचर, राजा चुकला असं पुस्तकात का नाही लिहिलेलं?’ रांगा लागल्या की ती मुलगी पुन्हा चौथ्या रांगेत, उंच मुलाच्या पाठीमागे.

पाठ. रांगेतल्या मुलांना वर्ग म्हणजे पाठीच दिसतात. तिनं हे आईला सांगितलं नाही. आई म्हणाली असती, पाठ कर मग.

डाव्या कानाशी: जावईबापू

जुनी भोकं शोधायला जावईबापू हातगुडघ्यांवर आले होते. पॉलिशचे थर बसून फळ्या काळ्या पडल्या होत्या. ते फडक्यानं घासत पुढे सरकत होते. अचानक थांबले.

“इथं भोकात गुट्टी मारलीय. लाकडाची.”

“जुनं काहीतरी असेल,” ताई म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

“इथंपण आहे. इथं. आणि इथं.” ते सरकत राहिले. प्रत्येक गुट्टीवर त्यांनी खडूची ठिपकी दिली. वर्गाच्या मध्यावर पोचले तेव्हा उठून उभे राहिले आणि मागे बघितलं. “हे वळण आहे.”

त्यांनी बोटानं ठिपक्यांवरून हवेत रेघ ओढली.

“मी रोज असली वळणं घेतो,” ते म्हणाले. “सरळ नाही हे.”

ठिपके भिंतीपासून निघून मागे जात, वळत आणि खिडकीकडे पुढे येत होते. टाचणीच्या नालापेक्षा कितीतरी सुबक. टाचणी ठिपक्यांकडे बघत होती. मग वर, क्रुसाकडे. क्रूस बरोबर त्या वळणाच्या मधोमध होता.

जावईबापू जन्मात प्रथमच आपण होऊन सासऱ्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. “बाबा, काय आहे हे?”

आजोबा लेकीकडे बघत होते. “बाकं परत लावायला सांगितली होती,” ते म्हणाले. “क्रूस परत न्यायला कुणी सांगितलं नव्हतं.”

ताई खिडकीत गेल्या. थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. “नऊ दिवस,” त्या म्हणाल्या. “नऊच दिवस होती. मी चोवीस वर्षांची होते. बाबांना म्हटलं, अशी लावून द्या. त्यांनी एका रविवारी लावली. दहाव्या दिवशी मोठ्या फादरांनी, तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी, बोलावून घेतलं. म्हणाले, वर्गाबद्दल तक्रार आहे, बाकं पूर्ववत करावीत.”

“आई! आणि मला तू—”

“तुला काय सांगू? की मला वर्ग आवरला नाही? आवाज ऑफिसपर्यंत गेला असणार. त्याशिवाय तक्रार कशी होईल? त्यानंतर मी आवाज होऊच दिला नाही. कधीच.” त्यांनी झाकण पुन्हा उघडलं. “तुझा वर्ग हसतो ना पलीकडे, तेव्हा माझं लक्ष व्हरांड्याकडे जातं. आता हिला बोलावतील. आता बोलावतील.”

टाचणी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

फादरमामा मात्र भिंतीपासल्या बाकावर बसले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. हे कान घरातल्या सगळ्यांनी ओळखले असते.

“आवाज नव्हता, ताई,” ते म्हणाले.

“तुला काय माहीत? तू चौदा वर्षांचं शेंबडं पोर होतास.”

“त्याच वर्गात होतो ना. आवाज गेला नव्हता. मी गेलो होतो. ऑफिसात.”

ताई वळल्या.

“माझ्या पुढे तो जाडा बसायचा. त्याच्या पाठीमागे मी दोन वर्षं सुखात काढली. तू गोल केलास आणि पुढे कुणाची पाठच राहिली नाही. रोज मलाच प्रश्न. बहीण म्हणून तर जास्तच. ऑफिसात मोठे फादर म्हणाले, कसं चाललंय? मी म्हटलं, फादर, आमच्या वर्गात नीट अभ्यास होत नाही. एवढंच. मला वाटलं, माझं एकट्याचं बाक हलवतील.”

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. टाचणी पडली नाही. तिनं झाडू घट्ट धरला.

“तेहतीस वर्षं,” ताई म्हणाल्या.

“हे मी कन्फेशनमध्ये तीनदा सांगितलंय, ताई.”

“मला एकदाही नाही सांगितलंस.”

“तिथं सोपं असतं. जाळीपलीकडे तू नसतेस.”

ताईंचा हात उठला. टाचणीला वाटलं आता फादरांच्या पाठीत धपाटा बसतो. तो बसलाच, चांगला खणखणीत. मग तोच हात तिथं राहिला.

“काय म्हणाला तो?” आजोबांनी जावयाला विचारलं.

जावईबापूंनी पंचवीस वर्षांचा सिग्नल तोडला. “म्हणतोय, चहाडी त्यानं केली होती.”

“ते मला तेव्हाच माहीत होतं,” आजोबा म्हणाले. “बाकं परत लावताना नऊ बाकं हा न सांगता उचलू लागला. त्याआधी यानं घरात ताटसुद्धा उचललं नव्हतं.”

डाव्या कानाशी: भिंत

आणि तरी बाकं लागत राहिली. फादरमामांचा नाइलाज होता. चूक कबूल झाली म्हणून सोमवार पुढे जात नव्हता. “टाचणीचा प्रश्न आहे, ताई,” ते म्हणत होते, आणि ताई आता त्यांच्या बाजूनं नव्हत्या, पण लेकीच्या नोकरीच्या विरुद्धही नव्हत्या. त्या मुकाट्यानं बाकं ओढत होत्या. टाचणी तर त्यांच्याआधी ओढत होती. तिला आईला आणखी बोलायला लावायचं नव्हतं.

बाराला खालच्या चॅपेलची घंटा झाली तेव्हा सगळ्या रांगा लागल्या होत्या. स्क्रू तेवढे बसायचे होते.

जेवायचं इथंच. ताईंनी पाव, उकडलेली अंडी, लोणी काढलं. दमलेले आजोबा मागच्या मागे सर्वांत जवळच्या बाकावर बसले होते. शेवटची रांग, डाव्या भिंतीला लागून. बाकीचे जागा मिळेल तिथं, पुढेमागे. फादरमामा सवयीनं फळ्याशी उभे राहिले.

“बापा, या अन्नाला आशीर्वाद दे. हे राबणारे हात तूच दिलेस. आमच्यातलं जे तुटलंय ते सांध.” एरवी ते एवढं बोलत नसत. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी ताईंकडे बघितलं नाही. “आमेन.”

“आमेन.” तिघांचं.

पाव हातात आले. फादरमामांनी पहिला घास घेतला आणि समोर बघितलं. चार पाठी नाहीत, तीन चेहरे, आणि मागे लांब, भिंतीशी, वडील. हात जोडलेले. डोळे त्यांच्याकडेच. वाट बघत.

“सुरू कर की धाकट्या,” आजोबा म्हणाले. “भूक लागलीय.”

कुणाचा हात तोंडाकडे गेला नाही. घरी हे कधीच झालं नव्हतं. घरी डाव्या हाताला नेहमी कुणीतरी असायचं, मागायला, सांगायला, लाडात यायला. इथं डाव्या हाताला भिंत होती.

फादरमामांनी घास गिळला. “बापा, या अन्नाला आशीर्वाद दे!” ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की खिडकीतलं पाखरू उडालं.

“ओरडतोस कशाला? मी काही बहिरा नाही.”

टाचणी हसली. आई हसली. मग आईनं पदर डोळ्यांना लावला आणि वर बघायचं नाव घेईना. फादरमामा रांगांमधून चालत मागे गेले. वडिलांच्या डावीकडे जायला जागाच नव्हती. ते भिंत आणि बाक यांच्यामध्ये अंग चोरून घुसले, शर्टाला चुना लागला, आणि वाकून तिसऱ्यांदा तीच प्रार्थना म्हणाले, हळू.

“आमेन,” आजोबा म्हणाले. “सांधण्याचं चांगलं घातलंस मधे. अंडं दे.”

फादरमामा तिथंच उभे राहिले, चुना झटकत. शेवटच्या रांगेतून त्यांनी फळा बघितला. ते अकरा वर्षं इथं मुख्याध्यापक होते आणि इथून फळा त्यांनी चौदाव्या वर्षानंतर बघितला नव्हता.

“भावोजी,” ते म्हणाले, “स्क्रू मारू नका.”

“मग?”

“परत काढायची. गोलात.”

“मामा,” टाचणी म्हणाली, आणि मग, “फादर. फॉर्म?”

“चौथ्या रकान्यावर मी लिहीन: मांडणी मुख्याध्यापकांच्या सूचनेवरून. सिस्टरांना जे खोडायचंय ते माझं खोडू दे.”

“फादर होऊन खोटं लिहिणार?” ताईंनी पदराआडून विचारलं.

“खोटं कसं? आत्ता देतो की सूचना.” त्यांनी घसा साफ केला. “नववी ‘ब’ची बाकं अर्धगोलात लावण्यात यावीत. झालं खरं.”

डाव्या कानाशी: जो येईल तो

दुपारी दोनला ताईंनी टाचणीच्या हातातून खडू काढून घेतला. “तुझा तो अर्धगोल होता की सांडलेला चहा?” त्यांनी पिशवीची सुतळी सोडली, एक टोक क्रुसाच्या बरोबर खाली नवऱ्याच्या बोटाखाली दाबलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधला, आणि ओणव्यानं मागे मागे सरकत जमिनीवर रेघ काढली. ती एकेक गुट्टीवरून गेली. एकही चुकली नाही.

“तेव्हाही सुतळीच होती,” त्या म्हणाल्या. “त्रिज्या माझ्या लक्षात आहे.”

आजोबांनी गुट्ट्या स्वतः पोखरल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाकं येतील तशी जो तो त्यांच्याभोवती फिरत होता, आणि त्या दुपारी डावं-उजवं कुणी बघितलं नाही, कारण वळणात बसल्यावर कुणी ना कुणी त्यांच्या चांगल्या कानासमोर येतच होतं.

“सोमवारी मीपण येऊ का?” शेवटचा स्क्रू पिळताना त्यांनी विचारलं.

“तपासणी आहे, बाबा.”

“मागे बसेन.”

“यात मागे नाहीये, आजोबा,” टाचणी म्हणाली.

सोमवारी सिस्टर आल्या. चष्मा पुसला, वर्गाभोवती एकदा फिरल्या, आणि मग एका रिकाम्या जागी मुलांमध्ये पूर्ण तास बसल्या. पलीकडच्या वर्गात ताईंनी हसण्याचा आवाज ऐकला आणि प्रमेय थांबवलं, पण भिंतीवर टकटक केली नाही. चौथ्या रकान्यात ‘सुधारणेस वाव’वर खूण होती. खाली बारीक अक्षरात: दाराजवळचं बाक थोडं आत घ्यावं, दार आपटतं.

दार आपटत होतं खरं. आजोबांनी मंगळवारी ते बाक आत घेतलं. महिनाअखेरीला टाचणी कायम झाली.

आजोबांचा कान करवतीच्या गिरणीत गेला नव्हता. तो जन्मापासून बंद होता, आणि चौथीत शाळा सोडेपर्यंत ते शेवटच्या रांगेत, डाव्या भिंतीला लागून बसत.